लाल जास्वंदीतले फिनॉलिक्स आणि अँटिऑक्सिडंट मोजायला कोणती चाचणी घ्यावी?

लालपाकळी
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचा ८० टक्के मिथेनॉलमध्ये अर्क काढलाय. फिनॉलिक्स मोजणारी फोलिन चाचणी सुरळीत झाली, पण अँटिऑक्सिडंटसाठीच्या डीपीपीएचने (जांभळं द्रावण, अँटिऑक्सिडंट त्याचा रंग घालवतात) वैताग आणलाय. अर्क वाढवला की रंग गेल्याची टक्केवारी वाढायला हवी ना? माझी शेवटच्या दोन पातळ्यांना चक्क घसरते. नळीत बघावं तर जांभळा रंग गेलेला असतो, पण पिवळं न होता तांबूस काहीतरी उरतं. हाताशी फक्त स्पेक्ट्रो (द्रावणाचं प्रकाशशोषण मोजणारं यंत्र) आहे. चाचणीच बदलू का?

शून्यवाचन
थांबा, आधी सांगा, सँपल ब्लँक लावलात का? जास्वंदीचा लाल रंग अँथोसायनिनचा, त्याचं शोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास. डीपीपीएच तुम्ही वाचताय ५१७ ला. म्हणजे उरलेलं डीपीपीएच आणि पाकळीचा रंग, दोन्ही एकाच आकड्यात येतायत. ते तांबूस तेच.
प्रत्येक पातळीसाठी एक जादा नळी लावा: तेवढाच अर्क आणि डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल. तिचं वाचन वजा करा. एकच ब्लँक सगळ्यांना वापरू नका, रंग पातळीगणिक बदलतो.

लालपाकळी
अरे देवा. मी मिथेनॉलवर शून्य करून सरळ वाचत सुटले होते.

क्युव्हेटवाली
सगळेच एकदा करतात, मी झेंडूवर केलं होतं :) तिथे आडवे आले कॅरोटिनॉइड्स (पिवळी-केशरी रंगद्रव्यं), फ्लेव्होनॉइड चाचणीच्या ४१५ नॅनोमीटरवर.
जोडीला एबीटीएस ही दुसरी अँटिऑक्सिडंट चाचणी कराच. वाचन ७३४ ला, तिथे लाल रंगाचा उपद्रव जवळपास नाही. फक्त तयारी आदल्या दिवशी: ७ मिलिमोलर एबीटीएस, त्यात २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट, १२ ते १६ तास अंधारात. मग शोषण ०.७० च्या आसपास येईपर्यंत विरळ करायचं.

शून्यवाचन
आणि फोलिन ‘सुरळीत’ म्हणून निर्धास्त राहू नका. ते अभिकर्मक फक्त फिनॉल ओळखत नाही, क्षपण करणारं जे सापडेल त्याच्याशी भिडतं. क जीवनसत्त्वही त्यात आलं. म्हणून आकडा ‘गॅलिक आम्ल समतुल्य’ असाच लिहा, ‘पाकळीत इतकं फिनॉल आहे’ असं नको. सोडियम कार्बोनेट मात्र फोलिननंतरच घालायचं, अल्कलीत ते अभिकर्मक फार टिकत नाही.

वाळवण
वजन ओलं धरलंय की सुकं?

लालपाकळी
ओलं. पाकळ्या रात्रभर फ्रिजमध्ये होत्या.

वाळवण
मग दोन फुलांची तुलना विसरा. थोड्या पाकळ्या वेगळ्या काढून ओलावा काढा आणि सगळं सुक्या वजनावर आणा. पाकळ्या चुरगळून तशाच ठेवल्या असतील तर त्यातल्या एन्झाइमनी फिनॉल खायला सुरुवातही केली असेल.

लालपाकळी
आज ब्लँक लावून पाहिले. वजाबाकीनंतर घसरण गेली! आयसी५० (निम्मं डीपीपीएच घालवायला लागणारी अर्काची तीव्रता) मागच्यांच्या थिसिसमधल्या आकड्यापेक्षा बरंच वेगळं येतंय, ते चालेल?

शून्यवाचन
त्यांच्या डीपीपीएचची तीव्रता वेगळी असेल तर वेगळंच येणार. त्याच दिवशी, त्याच द्रावणात अॅस्कॉर्बिक आम्लही लावा आणि तुमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा.