मदत हवी आहे: कृतज्ञतेची वही वर्षभर टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. रोज झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, असं मी आजवर तीनदा ठरवलंय. सुरुवात जोरात होते. पण पंधराएक दिवसांत 'घरचे, तब्येत, नोकरी' हेच तीन शब्द रोज उतरवले जातात, आणि मग वही उशाखाली पडून राहते. (पेन मात्र दर वेळी नवीन घेतलं जातं!)

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच, असं दहा आठवडे लिहिलं होतं, आणि त्यांनाही फरक जाणवला. म्हणजे माझा रोजचा हट्टच चुकतोय का? दुसरीकडे, लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते. कुणाला १८, तर कुणाला २५४. मी तर विशीही गाठत नाही.

ज्यांचं वर्षभर टिकलंय त्यांनी सांगा: रोज लिहिता की अधूनमधून? तोचतोचपणा कसा टाळता? आणि दिवस अगदीच वाईट गेला, तर काय लिहिता? त्या दिवशी मला ते सगळं खोटं वाटतं.