मार्शमॅलोवाली मुलं नक्की कोणाची?

कुंपणावरचा:
पालकांच्या ग्रुपवर परत ती मार्शमॅलोची गोष्ट फिरतेय, थांबलं तर दुसराही मिळेल म्हणून समोरचा गोड तुकडा लगेच न खाता जे मूल थांबलं ते पुढे हुशार निघालं वगैरे. अहो पण ही मुलं कुठली? स्टॅनफर्डच्या आवारातल्या बिंग नर्सरीतली, म्हणजे बरीचशी प्राध्यापकांची नि तिथल्याच विद्यार्थ्यांची पोरं! १९९० च्या पेपरात एसएटीच्या (अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची परीक्षा) मार्कांशी जो जोरदार संबंध निघाला तो ३५ मुलांच्या गटात. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० च्या वर मुलांचा डेटा घेतला तर तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशोबात धरली की अजून घसरला. यावरून आपण आपल्या पोरांना लाडू समोर ठेवून बसवायचं?

लिंबूपाणी:
सॅम्पलला झोडपणं सोपंय हो. हा प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मिशेलला आधी बघायचं होतं की खाऊ डोळ्यासमोर असला की झाकलेला असला की मूल जास्त थांबतं. त्यासाठी मुलं गटांत रँडम वाटली की पुरे, जगभरातून रँडम निवडून आणायची गरज नाही. या दोन गोष्टींची लोक कायम खिचडी करतात. भविष्य सांगायला गेले तिथे घोळ झाला, ते मान्य. पण २०१८ चाच मेनी लॅब्स २ हा जुने प्रयोग पुन्हा करून बघणारा प्रकल्प बघा, मानसशास्त्रातले २८ निष्कर्ष ३६ देशांत तपासले, निम्मे टिकले, आणि जे पडले ते जवळपास सगळीकडेच पडले. मग देशाचा दोष कसा?

कुंपणावरचा:
त्यातही बरीच सॅम्पल कॉलेजातलीच की! कुठल्याही देशातला कॉलेजकुमार स्क्रीनवरची प्रश्नावली साधारण सारखीच भरणार, मग फरक दिसणार कुठून. आर्नेटने २००८ मध्ये सहा मोठी जर्नल्स तपासली, ६८ टक्के सहभागी एकट्या अमेरिकेतले. आणि कॅमेरूनच्या न्सो समाजातल्या मुलांवर हाच प्रयोग केला तर जवळपास ७० टक्के थांबली, जर्मन मध्यमवर्गीय मुलं ३० च्या आसपास.

रात्रपाळी_एमए:
मधेच बोलते. आमच्याकडे डिझर्टेशन म्हणजे गूगल फॉर्म, मैत्रिणींना पाठवा, त्या पुढे पाठवतील, ४०० झाले की गाईड खूश. १९३६ ला अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट मासिकाच्या सर्व्हेला २० लाखांच्या वर उत्तरं आली होती तरी त्यांनी लँडनला निवडून आणलं आणि जिंकला रूझवेल्ट, हे पहिल्याच वर्षी शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी विसरायला लावतात 😅

लिंबूपाणी:
@रात्रपाळी_एमए ते सर्व्हे होते, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. @कुंपणावरचा न्सो मुलं जास्त थांबली म्हणजे सरासरी वेगळी निघाली, थांबण्यामागची यंत्रणा वेगळी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. खाऊ झाकल्यावर तीही अजून जास्त थांबतात का, प्रश्न तो आहे.

कुंपणावरचा:
मग ते तपासेपर्यंत पेपरात ‘मुलं’ असं सरसकट लिहू नका, ‘स्टॅनफर्डची मुलं’ लिहा. शाई जास्त लागते का?

लिंबूपाणी:
शीर्षकात नाही लिहिणार, मेथडमध्ये लिहिलेलं असतंच. तुमच्या ग्रुपवाल्यांनी ते वाचलं नाही त्याला मिशेल काय करणार.