मदत हवी आहे: आमदारांच्या कामाचा तक्ता करतोय, ‘मत’ या रकान्यात काय लिहायचं?

नमस्कार मंडळी. मी उत्तर गोव्यातल्या एका गावात संध्याकाळचं वाचनालय सांभाळते. मतदारसंघाचं आणि आमदारांचं नाव मुद्दाम देत नाही. तक्ता पुरा व्हायच्या आधीच त्यांच्याबद्दल कुणाचं मत बनू नये.

चवथीच्या आधी आमच्याकडे पेपर वाचायला येणाऱ्यांत जोराचा वाद झाला. एक म्हणाले, आमदार विधानसभेत तोंडच उघडत नाहीत. दुसरे म्हणाले, प्रश्न विचारण्यात तेच पुढे असतात. आधार दोघांकडेही नव्हता. मग ठरलं, आपणच कागद तयार करायचा आणि दाराजवळच्या फळ्यावर लावायचा. त्यात हजेरी, प्रश्न, भाषणं, कुठल्या विधेयकावर कुठल्या बाजूने मत दिलं आणि त्यांच्यावर सरकारी तिजोरीतून किती खर्च झाला, हे सगळं घ्यायचं. मार्च २०२२ पासून आजपर्यंतचं.

प्रश्नांचा रकाना भरत आलाय. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न आणि त्यांची उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. बारावीतली एक मुलगी ती रोज वहीत उतरवते. हे करताना एक गोष्ट ध्यानात आली की नुसत्या आकड्यावरून काही ठरवू नये. एकाच नमुन्याचे प्रश्न खात्यामागून खात्याला विचारलेले असतात. पण अशाच एका कंटाळवाण्या प्रश्नाच्या उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात, सतराव्या ओळीत, आमच्या वाड्यावरच्या नळाच्या कामाची रक्कम आणि कंत्राटाची मुदत सापडली. गावात तीन वेळा विचारूनही ही माहिती आम्हाला मिळाली नव्हती. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय.

अडलंय ते मतापाशी. एका विधेयकाचं रेकॉर्डिंग शोधून काढलं. सभापती विचारतात, काही आवाज ‘होय’ म्हणतात, काही ‘नाही’, आणि विधेयक संमत. घड्याळ लावून पाहिलं, चाळीस सेकंदांत सगळं आटोपलं. तेवढा वेळ कॅमेरा सभापतींवरच. मी ते चाळीस सेकंद सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकले. आमच्या आमदारांचा आवाज त्यात आहे की नाही, शपथेवर सांगता येणार नाही.

खर्चासाठी माहिती अधिकारात अर्ज केला होता. ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ असं एका ओळीचं उत्तर देऊन तो परत पाठवला. कार्यालयाचं नाव इथे नको.

तर, मत कुठे नोंदलेलं असतं? आणि खर्च मागायचा तो कसा? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा. चुकीचा आकडा फळ्यावर लागला तर पुढे आमच्या कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

जुना वार्ताहर:
ताई, पर्वरीला विधानसभेच्या पत्रकार कक्षात माझी बरीच वर्षं गेली. आवाजी मतदानात कुणी काय म्हटलं याची नोंद कुठेच होत नाही, तेव्हा ती शोधण्यात वेळ घालवू नका. सभापतींना जो आवाज मोठा वाटतो तो निकाल. एखाद्या सदस्याने हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच मोजणी होते, आणि तशी मागणी क्वचित होते.

लोकांच्या लक्षात राहतात ती विश्वासदर्शक ठरावांची मतं. १६ मार्च २०१७ ला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांच्या बाजूने २२ आणि विरोधात १६. २० मार्च २०१९ ला प्रमोद सावंतांच्या बाजूने २० आणि विरोधात १५. तिथे कोण कुठे उभा राहिला हे गोव्याने पाहिलं. उलट भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक घ्या. ३० जुलै २०२१, अधिवेशनाचा शेवटचा दिवस. विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक संमत झालं. बाहेर विरोध उसळला, मुख्यमंत्र्यांना नावातला ‘भूमिपुत्र’ शब्द काढू असं जाहीर करावं लागलं. लोकांच्या घराजमिनीशी संबंध असलेलं विधेयक असं पुढे जातं याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

त्या रकान्यात ‘आवाजी मतदान, नोंद नाही’ असंच लिहा. आणि तुमच्या आमदारांना भेटून विचारा की महत्त्वाच्या विधेयकावर तुम्ही मतविभागणी मागाल का. जे उत्तर देतील ते तारीख घालून फळ्यावर लावा.

मांडवीपलीकडचा:
वार्ताहरदादांचं पटलं. एक जोडतो. पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढलेला असेल तर त्याविरुद्ध मत देणाऱ्याची किंवा गैरहजर राहणाऱ्याची आमदारकी संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) जाऊ शकते. म्हणजे मत नोंदलेलं मिळालं तरी ते बहुतेक वेळा पक्षाचंच असतं. आमदाराचं स्वतःचं म्हणणं बघायचं तर भाषणं, लक्षवेधी सूचना आणि खासगी (मंत्री नसलेल्या सदस्यांचे) ठराव बघा.

आणि पक्षाच्या रकान्यात तारीख घाला. २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ निवडून आले, त्यातले आठ १४ सप्टेंबर २०२२ ला भाजपमध्ये गेले. एकच पक्ष लिहिलात तर अर्धा तक्ता खोटा ठरेल.

धागाकर्ती:
हे खरंच सुचलं नव्हतं. हजेरीपटावर सही असली म्हणजे विधेयकाच्या वेळी ते आत होते असं धरायचं का?

जुना वार्ताहर:
नाही. सही दिवसाची असते, त्या घटकेची नसते. चाळीस सदस्यांच्या सभागृहाची गणसंख्या दहा, म्हणजे दहाजण बसलेले असले तरी कामकाज चालू राहतं. शब्दशः वृत्तांत काढा आणि विधेयकाच्या मागेपुढे तुमचे आमदार बोललेत का ते पाहा. बोलले असतील तर ‘उपस्थित’ लिहायला आधार मिळतो. नसतील तर तो रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका.

काळा कोट:
खर्चाचं मी सांगतो. ‘त्रयस्थ’ म्हटलं की विषय संपला असं नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत त्या व्यक्तीला नोटीस द्यायची, म्हणणं मांडायला तिला दहा दिवस, आणि मग निर्णय त्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा. तुम्हाला तशी नोटीस दिल्याचं दिसतंय का? नसेल तर पहिल्या अपिलात हाच मुद्दा घ्या. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस आहेत. त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवस.

नवीन अर्ज करणार असाल तर बिलं मागू नका. आमदारांचं वेतन, भत्ते, निवृत्तीवेतन यासाठी गोव्यात २००४ चा कायदा आहे. त्याखाली कुठल्या शीर्षाखाली वर्षाला एकूण किती रक्कम दिली, एवढंच विचारा. बिलात घरचा पत्ता, बँक खातं येतं आणि नकार द्यायला निमित्त मिळतं.

निवडणुकीचा खर्च त्यात मिसळू नका. तो उमेदवाराचा. २०२२ ला गोव्यात मर्यादा २८ लाख होती आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

तुमचे आमदार मंत्री आहेत का, किंवा मध्ये होते का? मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. तेवढ्या काळात ‘प्रश्न शून्य’ लिहिलंत तर त्यांच्यावर अन्याय होईल.

धागाकर्ती:
मंत्री नाहीत, पण ही सूचना तक्त्याखाली टीप म्हणून घालते. उद्या-परवा इतर मतदारसंघांची वाचनालयंही असं करतील अशी आशा आहे.

नोटीस दिल्याचा उल्लेख उत्तरात कुठेच नाही. उत्तर येऊन १९ दिवस झालेत, म्हणजे अपील बसतं. सोबत नवीन अर्जही घालते. मजकूर असा: ‘२०२२-२३ पासून प्रत्येक आर्थिक वर्षात सदर सदस्यांना २००४ च्या कायद्याखाली वेतन, दैनिक भत्ता, प्रवास आणि कर्ज या शीर्षांखाली दिलेली एकूण रक्कम द्यावी. प्रवासाची रक्कम वाढली असल्यास ती का वाढली तेही कळवावे.’ बरोबर आहे का?

काळा कोट:
शेवटचं वाक्य काढा. माहिती अधिकारात जे कागदावर आहे ते मिळतं, ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात. बाकी मजकूर ठीक आहे. १० रुपये शुल्काची पावती जपून ठेवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्या.

धागाकर्ती:
काढलं. सोमवारी पणजीला जातेय, तेव्हा दोन्ही कागद देऊन येते. ‘का’ आमदारांनाच विचारू. सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर आलं की इथेच लिहीन.