ऐकायला हरकत नाही, पण हाका कशाला मारायच्या?

रानवेडा:
काल रात्री केसरबाई केरकरांची भैरवी लावली होती. हीच भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या, परग्रहवासीयांसाठी पाठवलेल्या सोनेरी तबकडीत गेली. सोबत ५५ भाषांतल्या शुभेच्छा, त्यांत आपला मराठी ‘नमस्कार’ही. (गोव्यातल्या केरीचा सूर सूर्यमालेबाहेर! मला उगाच अभिमान वाटतो.) पण तबकडी म्हणजे द्रोणात ठेवून नदीत सोडलेला दिवा. कुणाला दिसला तर दिसला. रेडिओ संदेशाचं तसं नाही. १६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोतल्या आरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून एम १३ या तारकागुच्छाकडे १६७९ बिटांचं चित्र पाठवलं. त्यात डीएनए, माणसाची आकृती आणि ग्रहांची रांग. तिसरा ग्रह मुद्दाम रांगेबाहेर सरकवलेला, म्हणजे हे आमचं घर! कुणाला विचारून? परग्रहवासीयांचे संकेत जन्मभर ऐका, पण त्यांना हाका मारू नका.

मीटरपट्टी:
असहमत. एम १३ सुमारे २५,००० प्रकाशवर्षं दूर आहे. निरोप जायला तेवढी वर्षं, उत्तर यायला तेवढीच. आणि तो कार्यक्रम म्हणजे दुर्बिणीच्या नूतनीकरणाच्या समारंभातला तीन मिनिटांचा देखावा. शिवाय आपली रडारं आणि टीव्ही केंद्रं कित्येक दशकं बोंबलतायत, त्यांना कुणी परवानगी विचारली?

रानवेडा:
एम १३ सोडा हो. २०१७ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून ल्यूटनच्या ताऱ्याकडे संदेश गेलाय. अंतर जेमतेम १२ प्रकाशवर्षं. २०३० च्या आसपास पोचेल. रडारचा झोत कुठेही भरकटतो, हा नेम धरून सोडलाय.

सुलू:
तुम्ही दोघं हाकेवर भांडताय, मला तर कान लावण्यातही अर्थ दिसत नाही. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञानं परग्रहवासीयांचे संकेत टिपायला अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेहून दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवली, तेव्हापासून हाती काय? १९७७ चा ७२ सेकंदांचा तो ‘वॉव’ नावाचा रेडिओ संकेत, जो पुन्हा कधी आला नाही. अमेरिकेच्या संसदेनं १९९३ मध्ये नासाचा या शोधाचा निधीच बंद केला.

नारायणगावकर:
सुलूताई, आमच्या शेजारी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या परग्रहवासीयांसाठी बांधलेल्या नाहीत, पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला गेलं की एक गोष्ट कळते. खरी अडचण आकाशाची नाही, आपल्याच गोंगाटाची आहे. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला कित्येक वर्षं विचित्र संकेत मिळत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला: मायक्रोवेव्ह चालू असतानाच कुणीतरी त्याचं दार उघडत होतं! दूरचं ऐकायचं तर आधी आपल्या स्वयंपाकघराचा आवाज ओळखावा लागतो, तेही कामाचंच. १९६७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना आकाशातून दर १.३३ सेकंदांनी येणारे रेडिओ ठोके सापडले, त्याला गमतीनं ‘हिरवी माणसं’ नाव दिलं, आणि निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरत नियमित ठोके पाठवणारा मृत तारा.

सुलू:
हा तर माझाच मुद्दा झाला! बेलबाई परग्रहवासी शोधत नव्हत्या, साधं खगोलशास्त्र करत होत्या. मग त्यालाच पैसे द्या की. विचित्र काही असेल तर सापडेल आपोआप.

नारायणगावकर:
आपोआप नाही सापडत. विचित्र दिसलं की आपण आधी ते कचरा म्हणून गाळतो. गाळणीत काय अडकलं हे बघायला कुणीतरी बसवावंच लागतं. मात्र वेगळी दुर्बीण नको, आहे त्याच निरीक्षणांतून बघावं, इतकं मान्य.

मीटरपट्टी:
रानवेडा, ‘विचारून करा’ म्हणजे नेमकं कुणाला विचारायचं? आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायला तीन बैठका गेल्या.

रानवेडा:
गेल्या ना? पण रंग कुणी परस्पर दिला नाही.