नर्सला माया थोडी कमी असली तरी चालेल, हिशेब पक्का हवा

रातपाळी
बहिणीच्या मुलीला बारावीनंतर बीएस्सी नर्सिंगला जायचंय. सीईटीचा अभ्यासही सुरू आहे. पण घरात एकच कुरकुर : "ती किती तुसडी आहे! पेशंटशी गोड बोलणं तिला जमायचं नाही." ऐकून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

मी आयसीयूत काम करते. गोड बोलणं, सोशिकपणा, सेवाभाव हे सगळं १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणात शोभतं. पेशंट वाचतो तो नजरेवर, हिशेबावर आणि रात्री तीन वाजता डॉक्टरला उठवायच्या हिमतीवर.

श्वास मोजायचे ते पूर्ण मिनिटभर, नाडी धरल्याचं सोंग करत, नजर मात्र छातीवर; कारण आपले श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. ज्या चार्टवर अख्ख्या वॉर्डाचे श्वास २० लिहिलेत, तो चार्ट खुर्चीत बसून भरलाय असं खुशाल समजा. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतात. १८ चे २६ झालेले जिला दिसले, तिच्या हातात थोडा वेळ असतो.

आता हिशेब. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० ची. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी १०० साठी. बाटली १०० ची आणि हाताला लागली लाल टोपणाची सिरिंज, तर २० च्या रेघेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट होतं. साखर धाडकन कोसळते. मग सुई "आई गं, झालं हं" म्हणत टोचली की गप्प राहून, काय फरक पडतो?

आणि डॉक्टरने घाईत भलताच डोस लिहिला तर "सर, मी हा देत नाही, परत एकदा बघा" म्हणता आलं पाहिजे. सोशिक मुली नेमकं हेच म्हणत नाहीत. तुसडी असेल तर उलट बरंच.

सांजवेळ
तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण मुद्दा मुळीच पटला नाही. माझी आई अर्धांगवायूनंतर ॲडमिट होती. नाकातली नळी रोज उपसून काढायची. आधी दटावलं, मग हात बांधले. येणाऱ्या सगळ्या सिस्टर मॉनिटरकडे बघायच्या, सलाइन बघायच्या, चार्टवर लिहायच्या आणि जायच्या. तुमच्या हिशेबात सगळ्या पहिल्या नंबराने पास.

एक सिस्टर मात्र प्रत्येक गोष्ट करायच्या आधी आईच्या तोंडासमोर येऊन सांगायची. "आजी, आता कुशीवर वळवते हं." "आजी, नळीतून पेज देतेय, गरम लागली तर हात दाबा." तिच्या पाळीत आईने नळीला हात लावला नाही. हात सोडून ठेवले तरीही! ही माया नाही तर काय? आणि हिच्यामुळे पेशंट वाचत नाही असं कसं म्हणता?

रातपाळी
@सांजवेळ, तुमच्या आईंना चांगली सिस्टर मिळाली याचा आनंद आहे. पण तुम्ही जे सांगितलंत ते पहिल्या वर्षीच शिकवतात. कुठलीही प्रोसिजर करण्याआधी पेशंटला समजावून सांगायची, तो शुद्धीत नसला तरी. आमच्या प्रॅक्टिकलला याचे मार्क असतात. तोंडासमोर येऊन बोलणं यासाठी की अर्धांगवायूत एका बाजूचं दिसत नाही, असंही होतं. म्हणजे ती शिकली होती आणि विसरली नव्हती. माझी तुसडी भाचीही हे शिकेल.

जुनी_मेट्रन
शिकेल, पण टिकवेल का? मुली शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. परीक्षेत "आजी, वळवते हं" सगळ्याच म्हणतात. सहा महिन्यांनी रात्रपाळीला जाऊन बघावं, तोंडं शिवलेली असतात. ज्यांना माणसांची मुळातच आवड असते त्यांचीच चालू राहतात.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग विसरलात का? १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या, २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या. इतकी वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. सांभाळणाऱ्या कितीतरी जणी हल्ल्याच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचं कौतुक केलं, आणि अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. हे कुठल्या हिशेबात बसवणार?

रातपाळी
मॅडम, तुमच्याशी वाद घालताना जीभ जड होते, तरी घालते. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ न देणं म्हणजे ठरल्या वेळी कूस बदलणं, आणि ते पुढच्या पाळीच्या मुलीला सांगून जाणं. पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात त्याला आम्ही ओव्हर म्हणतो; एका पिढीने दुसरीला दिलेला ओव्हर आहे तो. माया एखादीची असते आणि ती रिटायर झाली की तिच्याबरोबर जाते. तिथली शिस्त वॉर्डाची होती.

शिवाय १९७३ ला मुंबईच्या नर्सेसनी संपही केला होता. अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. भाषणात ते कुणी सांगत नाही. सोशिकपणाच्या गोष्टीत संप बसत नाही ना.

जुनी_मेट्रन
संप मला सांगू नका, आम्हीही बसलोय फाटकात. पण फाटकात बसणारी आणि अरुणाला भरवणारी एकच बाई असू शकते, एवढंच माझं म्हणणं.

स्टेथो
डॉक्टर आहे, मेडिसिन. रात्री उठवण्याबद्दल बोलतो. उठवाच. पण "सर, पेशंट बरोबर वाटत नाही, येऊन जा" एवढ्यावर फोन ठेवू नका. पेशंट कोण, कशासाठी ॲडमिट, काय बदललं, आत्ताचे आकडे काय, आणि तुम्हाला काय वाटतं. अर्ध्या मिनिटात सांगून होतं. हे नीट सांगणारी सिस्टर असली की मी पायऱ्या उतरतानाच औषध सांगतो. नर्सला बोलता येणं म्हणजे माझ्या मते हे. गोडही नाही, भांडणही नाही.

रातपाळी
@स्टेथो, मान्य. आता हेही लिहा की आकड्यांसकट सांगितल्यावर "एवढ्यासाठी उठवलं?" म्हणून खेकसणारे किती. नव्या मुलीवर एकदा असं कुणी खेकसलं की पुढच्या वेळी ती सकाळच्या राउंडची वाट बघते.

स्टेथो
आहेत असे. मी पण झोपेत धड बोलत असेन याची खात्री देत नाही.

ब्रदर_म्हणा
मायेच्या गप्पांत आमचं काय? मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, पुरुष. नातेवाईक आल्या आल्या विचारतात, "सिस्टर नाही का कुणी?" कुणी मामा म्हणतं, कुणी कंपाउंडर. नर्स म्हणजे आईसारखी, हे डोक्यात इतकं पक्कं की बाप्याच्या हातून इंजेक्शन घेतलं तरी त्याला नर्स म्हणायला जीभ वळत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे साप चावलेले येतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरपी करून बघायचं. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष सुरू करा. ऐकायला सोपं आहे. पण बाहेर गावातली पंचवीस माणसं, एक जण मांत्रिकाला फोन लावतोय, दुसरा "काहीच करत नाहीत हे" म्हणून दार बडवतोय, आणि तुम्हाला नळी मधेच उचलून बघायचा मोह आवरायचाय. प्लास्टिकची नळी घेतली तर निकाल चुकतो, हेही ध्यानात ठेवायचंय. दारातल्या माणसाला शांत करणं हे नर्सिंग स्कूलमधी कुणी शिकवलं नाही. मी त्यातल्याच एका म्हाताऱ्याला घड्याळ धरून बसवतो. "आबा, वीस मिनिटं झाली की मला सांगा." मग तोच बाकीच्यांना गप करतो.

सांजवेळ
@ब्रदर_म्हणा, आबांना घड्याळ देणं हे कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये होतं? बघा @रातपाळी!

नेकरकाठ
जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या हॉस्पिटलात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केल्यापासून मला गावाकडून फोन येतात : "नर्सला जर्मन किती लागतं?" बहुतेक ठिकाणी बी२ पातळीचं. पण पहिला धक्का भाषेचा बसत नाही. पेशंटला आंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं, बेडपॅन, हे सगळं इथे नर्सचंच काम. आपल्याकडून आलेल्या बीएस्सी झालेल्या मुली पहिल्या महिन्यात रडतात. "चार वर्षं शिकून हे करायला आलो का?" मलाही तसंच वाटलं होतं.

तर @रातपाळी, तुम्ही नजर नजर म्हणता. भारतात अंग पुसतं कोण? मावशी नाहीतर पेशंटची सून. माकडहाडावरचा लाल डाग पाठ पुसणाऱ्यालाच दिसतो. बोटाने दाबून सोडला आणि लाली गेली नाही, तर ती बेडसोरची सुरुवात. चार्ट तुमच्याकडे आणि पाठ मावशीकडे, मग नजर कसली? सुनेला लाली दिसली तरी ती दाबून बघत नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

रातपाळी
@नेकरकाठ, हा मुद्दा लागला. अंग पुसणं आम्ही मावशींवर सोडतो आणि त्यात थोडा तोरा असतो, हे खरं आहे. आयसीयूत आम्ही स्वतः करतो, वॉर्डात नाही. पण याला माया म्हणून परत सांजवेळच्या पारड्यात टाकू नका. त्वचा तपासणं आहे ते.

खाट_नंबर_१३
सगळ्यांचं वाचून झालं. मी पेशंट म्हणून सरकारी आणि खासगी दोन्हीकडे पडून आलोय. सरकारी वॉर्डात रात्री चाळीसेक खाटा, खाली गाद्या घातलेले वेगळेच, आणि सिस्टर दोन. पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे म्हटले तर नुसतं मोजण्यातच पाऊण तास गेला. तिथे खरं कसब म्हणजे कोणाकडे आत्ता बघायचं नाही हे ठरवणं. ती सिस्टर दारातून एकदा वॉर्डभर नजर फिरवायची आणि थेट बिघडलेल्या खाटेकडे जायची. कसं कळायचं देव जाणे.

खासगीत उलटं. पांढरा ड्रेस घातलेल्या मुली भरपूर, गोड बोलणाऱ्या. एकीला सहज विचारलं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) कुठून केलं? म्हणाली, "नाही काका, मी बारावी आहे, इथेच शिकले." तिला तुमच्या लाल आणि नारिंगी टोपणातला फरक कुणी सांगितला असेल का? बिल मात्र नर्सिंग चार्जेस म्हणून पूर्ण लागलं. माया हवी की हिशेब हे तुम्ही ठरवा, आधी नर्स कौन्सिलला नोंदलेली आहे की नाही ते विचारायची पद्धत पाडा.

जुनी_मेट्रन
दारातून कळतं ते असं : रोज त्याच खाटा बघितलेल्या असतात, त्यामुळे जी कालच्यासारखी दिसत नाही तिच्याकडे पाय वळतात. म्हणून म्हणते, मुलींना दर आठवड्याला वॉर्ड बदलून देऊ नका. @रातपाळी, तुमच्याकडे किती दिवसांनी बदलतात?