पीईएस ६ : ५ ताऱ्यांवर अडकलं की नेमकं काय शिकायचं?

ऐरोली_विंगर

ऐरोलीत सोसायटीच्या हॉलमध्ये प्रो इव्होल्यूशन सॉकर ६ (पीईएस ६) या फुटबॉल गेमची स्पर्धा ठरली आहे. २ पीएस२ (प्लेस्टेशन २) आणि १ पीसी, सामना १० मिनिटांचा. इथले बहुतेक जण एकाच पद्धतीने खेळतात: आर-१ (पळायचं बटण) दाबून धरायचा, त्रिकोणाने थ्रू बॉल (बचावपटूंच्या मागे सोडलेला पास), मग चौकोनाने शॉट. ३ ताऱ्यांपर्यंत (तारे म्हणजे कॉम्प्युटरची काठिण्यपातळी) कॉम्प्युटर याला बळी पडतो. ५ ताऱ्यांवर मात्र बाजूने पाय येतो आणि चेंडू जातो. समोर मोकळा गोल असला तरी शॉट बारवरून जातो. २००६ चा खेळ, यात आणखी काय असणार, असं अनेकांचं मत आहे. पण साधा संघ घेऊन, धावाधाव न करता आरामात ३-० करणारेही आहेत. ते नेमकं काय वेगळं करतात? आणि शिकायचं तर कुठून सुरुवात करायची?

नेरूळचा_लिबेरो

आधी आर-१ वरचं बोट उचला. बाकी सगळं त्यानंतर.

आर-१ धरला की खेळाडू दर स्पर्शाला चेंडू पायापासून लांब ढकलतो. दोन स्पर्शांच्या मधे चेंडू कोणाचाच नसतो, आणि ५ ताऱ्यांवरचा बचावपटू बरोबर तेव्हाच पाय घालतो. आर-१ सोडून नुसत्या स्टिकने चालवलं की चेंडू पायाशी राहतो आणि वळणही लहान होतं. म्हणून आर-१ चा उपयोग मोकळी जागा दिसली की दोन-तीन पावलांपुरता करायचा, आणि समोर माणूस येण्याआधी सोडायचा. बचावपटूच्या मागे सगळी जागा रिकामी असेल तेव्हाच आर-१ दोनदा टिचकवून चेंडू लांब ढकला.

शॉट वरून जाण्याचं कारणही इथेच आहे. पळता पळता, शरीर गोलकडे वळलेलं नसताना किंवा कोणी खेटलेलं असताना मारलेला फटका भरकटतो. चौकोन दाबण्याआधी आर-१ सोडा, एक पाऊल पडू द्या, दिशा ठरवा आणि मग मारा. शॉटच्या ताकदीची पट्टी अर्ध्याच्या आत ठेवा. पेनल्टी बॉक्सच्या आत तर त्याहूनही कमी लागते. कोणत्या पायाने मारताय ते बघा. इंटर मिलान संघाचा फॉरवर्ड आद्रियानो सगळे घेतात, कारण त्याची शॉट पॉवर ९९. पण तो डावखुरा आहे. चेंडू उजव्या पायावर आला तर लगेच मारू नका. चौकोन दाबून पाय मागे जाताच एक्स दाबा, (एक्स म्हणजे पासचं बटण), म्हणजे शॉटची हूल होते. बचावपटू आडवा पडतो आणि चेंडू डाव्या पायावर घ्यायला वेळ मिळतो. कीपर पुढे धावत आला असेल तर एल-१ धरून चौकोन, चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो.

सरावाला ट्रेनिंग मोड पुरेसा आहे. बॉक्सच्या कडेवरून २० फटके मारा, १० आर-१ धरून आणि १० सोडून. फरक लगेच दिसेल.

खारीगाव_स्टॉपर

वरचं सगळं पटलं, पण माझ्या मते पहिला धडा बचावाचा. बहुतेक गोल आपल्याच चुकीने खातो.

चेंडू समोरच्याकडे असताना एक्स दाबून धरला की आपला खेळाडू आपोआप चेंडूमागे धावतो. सोबत चौकोनही धरला तर दुसरा साथीदारही धावतो. दोघे गेले की मागे भगदाड पडतं, आणि समोरच्याला फक्त एक त्रिकोण मारायचा असतो. सतत धरून ठेवलं तर उत्तरार्धात सगळे दमलेले असतात ते वेगळंच. त्यामुळे स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, एक्सने बाहेर ओढूच नका. एल-१ ने मिडफिल्डर निवडा, त्याला स्टिकने चेंडू आणि गोल यांच्या मधे आणा आणि चेंडूबरोबर मागे सरकत राहा. समोरच्याचा स्पर्श लांब गेला की मग एक्स टिचकवा. गोल बटणाची, म्हणजे घसरून चेंडू काढायची सवय मोडा. मागून घसरलात की फाउल ठरलेलाच.

आता सुपर कॅन्सल, म्हणजे आर-१ आणि आर-२ एकत्र. पास निघाला की खेळ तुमच्या खेळाडूला आपोआप चेंडूच्या रेषेवर नेतो. ही जोडी दाबली की ते बंधन सुटतं आणि तो तुमच्या स्टिकप्रमाणे चालतो. बचावात पास आधीच ओळखून मधे जाता येतं, आक्रमणात चेंडू अंगावरून पुढे जाऊ देऊन बचावपटूच्या मागे पोचता येतं. मात्र उशीर केलात तर चेंडू शेजारून निघून जातो, कारण तो घ्यायला आता तुमच्याशिवाय कोणी नाही. माझ्या मते या खेळातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच.

ऐरोली_विंगर

दोघांचेही आभार. सुपर कॅन्सल पीएस२ वर जमतंय. पीसीवर काहीच होत नाही. एक्सबॉक्स ३६० चा पॅड आहे, शिवाय एक साधा यूएसबी पॅड. साध्या पॅडवर उजवी स्टिक हलवली की मॅन्युअल पासऐवजी (स्टिकने स्वतः दिशा देऊन द्यायचा पास) भलताच शॉट निघतो.

वाशी_जॉयस्टिक

दोन्हीची कारणं वेगवेगळी आहेत.

३६० च्या पॅडचे खालचे दोन ट्रिगर ही बटणं नसून अक्ष आहेत, म्हणजे स्टिकसारखे किती दाबलं ते मोजतात, आणि जुन्या डायरेक्टइनपुटमध्ये (विंडोजची पॅड वाचायची जुनी पद्धत) दोघांचा मिळून एकच अक्ष दिसतो. हा खेळ डायरेक्टइनपुटच्या काळातला. सेटिंग्ज प्रोग्रॅममध्ये आर-२ ला बटण हवं असतं, ट्रिगर तिथे नोंदवलाच जात नाही. सोपा उपाय म्हणजे एल-१ आणि आर-१ वरच्या दोन बटणांवर ठेवा आणि एल-२, आर-२ स्टिक आत दाबल्यावर लागणाऱ्या बटणांवर द्या. सुरुवातीला अंगठा अडखळतो.

साध्या पॅडवर मधे 'अ‍ॅनालॉग' लिहिलेलं बटण आणि छोटा दिवा असेल. दिवा बंद असला की अशा बऱ्याच पॅडची उजवी स्टिक चार मुख्य बटणांचीच नक्कल करते, म्हणून शॉट निघतो. दिवा लावा, मग सेटिंग्जमध्ये उजवी स्टिक नव्याने नोंदवा. दर वेळी वायर काढून लावली की दिवा विझतो, ते सामन्याआधी तपासा.

कीबोर्डवर कोणाला खेळू देऊ नका. स्वस्त कीबोर्डला तीन-चार कळा एकत्र कळत नाहीत. आर-१, आर-२ आणि तिरकी दिशा मिळून चार कळा होतात.

आणि पीएस२ कुठल्या टीव्हीला लावताय? एलसीडी असेल तर गेम मोड चालू करा. जुन्या कन्सोलचं चित्र मोठं करण्यात टीव्ही वेळ घालवतो आणि तुमचा एक्स उशिरा लागतो. एखाद्या घरी जुना डबा टीव्ही असेल तर तोच आणा, त्यात हा उशीर नसतो. दोन्ही पीएस२ ना एकसारखे टीव्ही द्या, नाहीतर स्पर्धेत भांडणं होतील.

नेरूळचा_लिबेरो

पॅड लागला असेल तर आता संघाकडे वळा, कारण 'साधा संघ घेऊन ३-०' चं उत्तर तिथे आहे.

सामन्याआधी खेळाडूंच्या नावापुढचे बाण बघा. बाण खाली असलेला मोठा खेळाडू बसवा, लाल बाण वर असलेला मधला खेळाडू खेळवा. बाण किती वेळा चांगला येणार हे १ ते ८ मधल्या कन्सिस्टन्सीवरून ठरतं, म्हणून त्यात ७-८ असलेले खेळाडू भरवशाचे.

टॉप स्पीडच्या आकड्याला भुलू नका. एसी मिलानचा मिडफिल्डर पिर्लो हळू आहे, पण त्याचा लाँग पास जिथे पाहिजे तिथे पडतो. मिलान घेतलंत तर त्याच्यामार्फत खेळा. मुख्य आकड्यांखालची ताऱ्यांची यादीही वाचा. पोझिशनिंगचा तारा असलेला फॉरवर्ड स्वतःहून जागा शोधतो. प्लेमेकिंगचा तारा मधल्या फळीत एकाकडे तरी हवा.

विंगवरून एल-१ धरून एक्स मारा. पास देणारा स्वतः पुढे धावतो, मग त्याला त्रिकोणाने परत द्या. शेवटच्या रेषेजवळ गोल बटण एकदा दाबलं तर उंच क्रॉस, दोनदा तर मध्यम, तीनदा तर जमिनीलगत. उंच हेडर नसेल तर तिसराच मारा.

खारीगाव_स्टॉपर

एक राहिलं. एल-२ वर चार डावपेच बसवता येतात. ऑफसाइड ट्रॅप (बचावफळी एकदम पुढे सरकवून समोरच्याला ऑफसाइड पकडणं) तिथे ठेवू नका. माणसाविरुद्ध एक उशिराचा पास आणि तो एकटा कीपरसमोर. त्याजागी चेंज साइड (विंगरांच्या बाजू बदलणं) ठेवा. समोरचा लेफ्टबॅक दमला की वेगवान विंगर त्याच्या बाजूला आणता येतो, ६५-७० व्या मिनिटाला.

ऐरोली_विंगर

पॅडचा दिवा लावला, उजवी स्टिक चालू झाली. २० फटकेही मारून पाहिले: आर-१ धरून १० पैकी २ गोलात, सोडून ६. स्पर्धेत ऑफसाइड ट्रॅपवर बंदी घालू की प्रत्येकाला ठरवू दे?

खारीगाव_स्टॉपर

बंदी नको. ज्याला वापरायचाय तो वापरेल, तुम्ही त्रिकोण थोडा उशिरा दाबा.