मदत हवी आहे: कार्पेट टाइल्सला कुबट वास आणि हळदीचा डाग

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या फ्लॅटच्या एका बेडरूममध्ये कार्पेट टाइल्स टाकल्यात, म्हणजे ऑफिसात असतात ना त्या ५० बाय ५० सेंटीमीटरच्या चौकोनी, अखंड गालिचा नाही. मुलगा तबला शिकतो, खालच्या मजल्यावरच्या आजींना दुपारी त्रास व्हायचा म्हणून एका इंटिरियरवाल्याकडे उरलेला माल होता तो घेतला आणि फरशीवर नुसत्या मांडल्या, कडेला तेवढी डबल टेप लावलीय. आवाज खरंच खूप दबला, आजीही खूश आहेत, त्यामुळे काढून टाका असं प्लीज सांगू नका.

आता पाऊस सुरू झाल्यापासून खोलीत कुबट वास येतोय, जास्त करून बाथरूमच्या भिंतीकडच्या रांगेत. आणि मधल्या एका टाइलवर आमटी सांडली, सासूबाईंनी लगेच खायचा सोडा टाकून घासलं तर पिवळा डाग चक्क लाल झाला!! क्लीनिंगवाले म्हणतात मशीनने सगळ्या खोलीला शाम्पू मारू, पण या हवेत साधे टॉवेल वाळत नाहीत तर हे कधी वाळणार, आणि पाणी खाली गेलं तर? शिवाय व्हॅक्यूम मारताना एकदोन ठिकाणी धाग्याचे फासे वर आलेत. घरी काय करता येईल? कुणाला अनुभव असेल तर जरा डिटेलमध्ये सांगा.

प्रतिसाद १:
मशीनवाल्यांना आत्ता नाहीच सांगा. टाइल्सचा फायदाच हा की खराब झालेली तेवढी उचलून धुता येते. आधी मागच्या बाजूला बाण असतो तो बघून ठेवा, परत लावताना दिशा चुकली तर ती टाइल वेगळ्याच रंगाची दिसते.

डाग लाल झाला तो सोड्यामुळे. हळद अल्कलीत लाल होते, कपडे धुवायच्या पावडरनेही तेच होईल. पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून टिपून लावा, परत पिवळा होईल. मग भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात घालून आमटीतलं तेल काढा, घासायचं नाही, सुती फडक्याने बाहेरून आत टिपत यायचं. नंतर साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, राहिला तर तिथेच धूळ धरते. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, ऊन मिळेल तेव्हा गॅलरीत आडवी ठेवा, दोरीवर टांगू नका, वाकते. गरम पाणी नको, पाठीला डांबराचा किंवा पीव्हीसीचा थर असतो.

आणि ब्लीचचा विचार असेल तर आधी धागा ओळखा. उरलेल्या तुकड्यातला एक धागा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून, हवेचे बुडबुडे काढून सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला पातळ ब्लीच सहसा चालतं. बुडाला तर बहुतेक नायलॉन, त्याला ब्लीच अजिबात नाही.

प्रतिसाद २:
फासे ओढू नका!! कात्रीने वरच्या वर कापा, ओढलं तर अख्खी ओळ उसवते. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद करून नुसत्या सक्शनवर मारा. पण ताई, मला वासाची जास्त काळजी वाटते. एकाच भिंतीकडे वास म्हणजे ओल तिथूनच येत असणार, टाइलच्या पाठीतून पाणी आरपार जात नाही म्हणून ती खालीच कोंडते. ती रांग उचला, फरशी कोरडी पुसा, प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतून दव दिसलं तर ओल खालून येतेय.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. व्हिनेगरने लाल गेला, फिकट पिवळा उरलाय. धागा बुडाला म्हणजे नायलॉन, बरं झालं विचारलं. प्लास्टिकखाली मात्र चांगलंच पाणी धरलंय, बाकीच्या खोलीत काहीच नाही. आता पुढे काय करू?

प्रतिसाद २:
मग टाइल्सवर खर्च नको, आधी प्लंबर. बाथरूमची नहाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जायची जाळी) बंद करून २४ तास पाणी साठवून बघायला सांगा, पाणी उतरलं तर ट्रॅपचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय, आणि खालच्या आजींच्या छताला ओल आलीय का तेही आत्ताच विचारून घ्या. काढलेल्या टाइल्स गार पाण्याने धुवून भिंतीला तिरक्या उभ्या करा, वर पंखा, पाठ हाताला पूर्ण कोरडी लागेपर्यंत परत टाकायच्या नाहीत. काळे ठिपके धरलेल्या असतील त्या ठेवूच नका. तोवर पलंगाखालच्या चांगल्या टाइल्स काढून मुलाच्या बसायच्या जागी दुहेरी घाला, रियाज थांबायला नको.